सुईनें लिहिलेली साक्ष

पोलंडमधील लुब्लिनच्या बाजूस म्निशेक नांवाचें एक लहानसें खेडें आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें कांहीं ज्यू कुटुंबें ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर नांदत होतीं. त्यांपैकीं निसेंथाल यांच्या घरीं १९२७ सालीं एस्तेर जन्मास आली. लहानपणींच तिला शिवणकाम शिकावयास घातलें होतें. ती विद्या पुढें कोणत्या कामीं येणार, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें. ऑक्टोबर १९४२ मध्यें त्या टापूंतील सर्व ज्यूंनीं क्रास्निकच्या रेल्वे स्टेशनवर हजर व्हावें, असा हुकूम सुटला. १५ वर्षांची एस्तेर जावयास कबूल होईना. आईबाप, भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी स्टेशनच्या वाटेस लागलीं. एस्तेर मान्या या बहिणीला घेऊन दुसऱ्या वाटेनें निघाली. मागाहून त्यांची गांठ कधींच पडली नाहीं.

दोघींनीं आपलीं नांवें टाकून ख्रिस्ती नांवें धारण केलीं व ग्राबूव्का गांवीं शेतकऱ्यांकडे चाकरी धरली. नांव टाकणें एक वेळ सोपें. कानांनीं ओळखीची भाषा ओळखूं नये, हें फार कठीण. ज्यूंची घरगुती यिद्दिश बोली जर्मन भाषेची नात्यांतली. जून १९४३ मध्यें एस्तेर बागेंत काम करीत असतां जर्मन शिपाई येऊन तिच्याशीं बोलूं लागले. त्यांचें बोलणें तिला उमगत होतें. पण उमगतें असें दिसलें असतें, तर सोंग उघडें पडलें असतें. ती नुसती मान हलवीत राहिली. इतक्यांत जवळच्या मधमाशा उठल्या आणि शिपायांनीं पळ काढला. ऐकणारास ही गोष्ट रचलेली वाटेल; पण एस्तेरनें ती तशीच कापडावर उतरविली आहे.

१९४४ मध्यें रशियन सैन्य आलें आणि बहिणींचा अज्ञातवास सरला. पुढें जर्मनींतील निर्वासितांच्या छावणींत एस्तेरचा माक्स क्रिनिट्झ यांच्याशीं विवाह झाला आणि १९४९ मध्यें हें कुटुंब अमेरिकेस गेलें.

चित्रकलेचें शिक्षण तिनें कधींहि घेतलें नव्हतें. तरी १९७७ मध्यें, वयाच्या पन्नाशींत, आपल्या मुलींना आपलें घर व घरचीं माणसें दिसावींत म्हणून ती कापड घेऊन बसली. घराचें चित्र आधीं, मग भावाबरोबर नदींत पोहण्याचें. त्यानंतर बराच काळ गेला. पुन्हां सुई हातीं घेतली, ती मात्र शेवटपर्यंत ठेवली नाहीं. एकूण ३६ चित्रें सिद्ध झालीं. निरनिराळ्या कापडांचे तुकडे कातरून, जुळवून, टांचून केलेलें हें कोलाज, आणि त्यावर भरतकाम. शेतांतील ओंबी, झाडांचीं पानें, फुलें हीं एकेका टांक्यानें घातलेलीं. आजोबांची दाढी कापणारे जर्मन शिपाई एका चित्रांत आहेत. तेंही अशाच प्रसन्न रंगांत. भयंकर प्रसंगांस इतकी शोभा कशास, असा प्रश्न पहिल्या दृष्टिक्षेपीं सुचतो. परंतु तो दिवस खरोखरच उजेडाचा होता, पिकें खरोखरच उभीं होतीं, आणि तें गांव तिचें होतें. रंग काळवंडले असते, तर चित्र अधिक दुःखद झालें असतें खरें. साक्ष मात्र उणी झाली असती.

पुढच्या चित्रांखालीं तिनें हकीकतही धाग्यांनींच लिहिली आहे. ती ना बालपणींच्या यिद्दिशमध्यें, ना जीव वांचविणाऱ्या पोलिशमध्यें. ती आहे इंग्रजींत, जी तिच्या मुलींची भाषा. जी भाषा कळते हें एकदां तिला लपवावें लागलें, तिची जागा येथें परक्या देशांत मिळविलेल्या भाषेनें घेतली. हातांतली शिवणविद्या तेवढी म्निशेकहून तशीच्या तशी आली होती.

२००१ मध्यें एस्तेर निवर्तली. २००३ मध्यें तिच्या मुलींनीं हीं चित्रें लोकांपुढें नेण्यासाठीं एक संस्था स्थापिली. त्यांतील एका चित्रांत ऑक्टोबरची ती वाट आहे: कुटुंब एका दिशेस चाललें आहे आणि दोन मुली दुसऱ्या.