परतीचं तिकीट कुणाकडे?

हिंगोलीतला रिसाला बाजार ही जुन्या छावणीची खूण. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज तिथे असायची. खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, असा तो कारभार. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी आली की बंगले आले, आणि बंगले आले की खानसामा, भिश्ती, धोबी, झाडूवाला आणि पोरं सांभाळायला आया. साहेबांची नावं इतिहासात सापडतात. आयांची कोण लिहून ठेवणार?

मी याच हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याची. आमच्याकडे हळद शिजवणं, ऊस तोडणं, टोकाईच्या साखर कारखान्याचा भोंगा हीच कामाची ओळख. बाईमाणूस परदेशी जाऊन घरकाम करतं हे इथे सांगायचं नसतं, म्हणून ‘मुंबईला असते’ एवढंच सांगतात. मी मुंबईत एका इंग्रज कुटुंबाकडे होते. साहेबांची बदली मस्कतला झाली, तशी त्यांच्यासोबत मीही गेले. म्हणून या आयांचा इतिहास मला परका वाटत नाही.

इंग्रजांच्या काळी साहेब रजेवर किंवा कायमचे विलायतेला निघाले की मडमेला बोटीवर बाई लागायची. १८६९ साली सुएझ कालवा खुला होण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जायला कित्येक महिने लागत. कालवा झाल्यावर मुंबईहून लंडन तीन-चार आठवड्यांवर आलं. मडमेला बोट लागायची, पोरं रडायची, सामान मोजायचं असायचं, आणि हे सगळं आयाच्या अंगावर. अँथनी परेरा नावाच्या एका आयेने असा प्रवास ५४ वेळा केला होता. समुद्र ओलांडला की जात बुडते असं मानणाऱ्या देशात ही बाई बोटीवरच जगली म्हणायची.

खरी गोम लंडनला उतरल्यावर होती. काही घरांनी परतीची सोय केलेली असायची, काहींना काम संपलं की बाई नकोशी व्हायची. १९०८ साली एका आयेला किंग्ज क्रॉस स्टेशनवर एक पौंड हातावर ठेवून सोडून दिलं. तिची जबाबदारी कुणाची, यावर लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्यात, कागद फिरत राहिले.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ होतं. आधी ते ऑल्डगेटला होतं. १९०० साली लंडन सिटी मिशनने ते हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवरच्या २६ नंबरच्या घरात नेलं, १९२१ साली त्याच रस्त्यावर ४ नंबरला. तिथे आसरा होता, आणि मिशनचं घर म्हणजे येशूची प्रार्थनाही आलीच. पण तिथला तिकिटाचा व्यवहार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आयेला आणणारं कुटुंब तिचं परतीचं तिकीट होमच्या मेट्रनकडे द्यायचं. हिंदुस्थानला निघालेल्या दुसऱ्या कुटुंबाला बाई हवी असली की मेट्रन ते तिकीट त्यांना विकायची. त्या पैशातून आयेचा तोवरचा राहण्या-जेवणाचा खर्च निघायचा आणि बाई पुन्हा काम करतच घरी यायची. युक्ती चांगली होती, मी नावं ठेवणार नाही. तरी बाईचं तिकीट तिच्या हातात एकदाही पडत नव्हतं, हे विसरता येत नाही. रोझिना विसराम यांनी १९८६ साली आया आणि लास्करांवर, म्हणजे बोटींवरच्या हिंदी खलाशांवर, पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे ही माणसं इतिहासात आली. २६ नंबरच्या घरावर निळी पाटी लागली ती २०२२ साली.

मी मस्कतला गेले त्या वेळी मात्र कायदा होता, १९८३ चा. दहावी पास नसलं तर आखाती देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, आणि घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तिशीच्या पुढे हवं. मी नववीपर्यंतच शिकलेली, वय चौतीस. करारात पगार, सुट्टी, परतीचं तिकीट, सगळं होतं. करार मात्र इंग्रजीत, आणि मला वाचून दाखवणारा माणूस पगाराच्या ओळीपाशीच थांबला.

काम कष्टाचं होतं, पण शिस्तीचं. निळं फडकं संडास-बाथरूमचं, पिवळं ओट्याचं, पांढरं काचांचं. निळं चुकून ओट्यावर दिसलं की मॅडम न बोलता ते उचलून कचऱ्यात टाकायच्या. तो न बोलण्याचा राग मला शिव्यांपेक्षा जड जायचा. शर्टांची इस्त्री मात्र मला आवडायची. कॉलर आधी, मग बाह्या, पाठ शेवटी. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात असायचा, ‘सुरक्षित राहील’ म्हणून. आई आजारी पडली तेव्हा तो मागायला मला आठवडाभर धीर झाला नाही. मागितल्यावर त्यांनी लगेच दिला, तिकीटही काढलं. माणसं वाईट नव्हती. तरी आठवडा गेलाच.

जगभरच्या घरकामगारांसाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १८९ नंबरचा करार केला. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

वसमत-कुरुंद्याकडच्या ज्या बायका जायच्या विचारात असतील त्यांना माझं सांगणं आहे. मुकादमाची उचल घ्यावी तसे एजंटाचे पैसे घेऊन निघू नका. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेटवर आहे का, हे शिकलेल्या पोराकडून बघून घ्या. करार मराठीत वाचून घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि पासपोर्ट कुणाकडे राहणार, परतीचं तिकीट कोण काढणार, हे दोन प्रश्न पगाराच्या आधी विचारा.