धंदा घेऊन देशांतर



आपल्या बॅचमधले बरेच जण परदेशी गेले ते शिक्षण किंवा नोकरीच्या बळावर. मीही त्यातलाच. पण अमेरिकेत फिरताना मोटेलांच्या काउंटरवर गुजराती कुटुंबे भेटत गेली, आणि धंदा विकत घेऊन स्थायिक झालेल्यांचा इतिहास मी वाचू लागलो.

1972 साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला. त्या दशकात अमेरिकेत धंद्यात 10,000 डॉलर गुंतवणाऱ्याला कायम वास्तव्याची वाट मोकळी होती. 1976 मध्ये ही रक्कम 40,000 झाली. 1973 च्या तेलटंचाईनंतर हमरस्त्यांवरची जुनी मोटेले स्वस्तात मिळत होती. राहायची सोय आणि पोटाचा धंदा एकाच छपराखाली. भांडवल नातलगांकडून, तोंडी शब्दावर. चादरी बदलायला, हिशेब लिहायला घरचीच माणसे, बिनपगारी.

या वाटेची सुरुवात मात्र मला अस्वस्थ करते. 1942 मध्ये कानजीभाई देसाईंनी सॅक्रॅमेंटोत एक छोटे हॉटेल चालवायला घेतले. त्याच्या जपानी वंशाच्या मालकांना युद्धकाळात सरकारने छावणीत धाडले होते. एकाचा संसार उठला, तिथे दुसऱ्याचा उभा राहिला. यात कानजीभाईंचा दोष नाही, त्यांच्या कष्टांना कमीपणाही येत नाही. पण यशाच्या गोष्टी सांगताना ही बाजू गळून पडते.

शाळेत आपण सनावळ्या घोकल्या. आता ‘कोणाच्या जागी कोण आले?’ हेही विचारूया.