वीटभट्टीवरचं बालपण आणि छिन्नमनस्कता

मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही गेलो की एक आई हमखास विचारते, "ताई, माझ्याच पोटी असं पोर का आलं?" मुलगा तेविशीचा. त्याला आवाज ऐकू येतात, मुकादम मारायला येतोय असं वाटतं. भगताने बाहेरची बाधा सांगितली. एका शिकलेल्या गृहस्थाने "यांच्या रक्तातच असतं" म्हणून हात झटकले. या पोराच्या लहानपणी काय घडलं, हे दोघांनीही विचारलं नाही.

हे न विचारण्याला इतिहास आहे. १९०८ साली स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द दिला. पुढे बराच काळ भर आनुवंशिकतेवर राहिला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी आईच्या वागण्याकडे बोट दाखवलं आणि कित्येक आया उगाच गुन्हेगार ठरल्या. (बाईला दोष देण्यात विलायती शास्त्र आणि आपली मनुस्मृती यांचं बरं जमतं!) २०१२ मध्ये वारेसे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. बालपणी अत्याचार, उपेक्षा, छळ सोसलेल्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. म्हणून आनुवंशिकता खोटी ठरत नाही. आघात सोसलेल्या बहुतेक मुलांना हा आजार होतही नाही. पण बालपण हिशेबात धरावंच लागतं.

आणि शहापूर-मुरबाडचं बालपण कसं होतं? लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, ही ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची लग्नगडी पद्धत. वेठबिगारी कायद्याने संपली १९७६ मध्ये. तरी दिवाळीनंतर उचल घेऊन कुटंबंच्या कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. शाळा सुटते, पोरं विटा उलटवतात, आईबापाला शिव्या खाताना बघतात.

बालपणीचा अपमान किती खोल जातो, हे आम्हाला परदेशी अभ्यासातून शिकावं लागलं नाही. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाला वाटेत जे सोसावं लागलं, ते बाबासाहेबांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवलं. त्याच १९०१ मध्ये ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं. तिथल्या कागदांत आमच्या वाड्यांवरच्या किती पोरांची अशी हकीकत सापडेल?

त्या मुलाला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू आहेत, त्या थांबवू नका हे दर भेटीत सांगतो. नेताना त्याची हकीकत कागदावर लिहिली होती: सहाव्या वर्षी भट्टी, शाळा बंद, बापाला डोळ्यांदेखत मारहाण. वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "रात्री झोपेत दचकायचा, ते पण लिही." ते आम्ही लिहिलं.