उतारवयातली द्रौपदी

बोरिवलीहून तरीने खाडी ओलांडली की गोराईची कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती लागते. हळदीच्या रात्री मुंबईच्या अशा किनारवस्त्यांत वाजणारी कोळीगीते आपण ऐकतो, पण गाणाऱ्याचे नाव क्वचितच विचारतो. या गीतांना घरोघरी पोहोचविणाऱ्यांत शाहीर विठ्ठल उमप (1931-2010) हे एक. ते जन्माने कोळी नव्हते; त्यांचा पिंड आंबेडकरी शाहिरीचा. आयर्लंडमधील कॉर्कच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातही त्यांनी मराठी लोककला नेली.

मात्र त्यांना केवळ कोळीगीतांचे गायक म्हणणे हा त्यांच्या उत्तरायुष्यावर अन्याय आहे, असे आम्हांस वाटते. ‘जांभूळ आख्यान’ हा त्यांचा खरा विस्तार. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात उठलेली अभिलाषा, आणि तिची ती कबुली, हा गोंधळ्यांनी जपलेला नाजूक विषय. उमपांची द्रौपदी पुरुषाच्या प्रौढ देहातून उभी राही. तिथे रूपाचा आधार नव्हता, होती ती नजर, थबकणे आणि शब्दाची फेक. वय ही तिथे उणीव राहिली नाही, तीच सामग्री झाली. सत्तरी ओलांडल्यावर ‘टिंग्या’ (2008) या चित्रपटात ते अभिनेते म्हणूनही दिसले.

नोव्हेंबर 2010 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच, ते कोसळले. पुत्र नंदेश यांनी आख्यान पुढे चालविले. ध्वनिमुद्रिका गाणे राखते. आख्यान मात्र माणसानेच माणसाकडे सोपवावे लागते. हळदीत पुढचे कोळीगीत वाजेल, तेव्हा आपण निदान गाणाऱ्याचे नाव तरी विचारू या.