सांताक्रूझचा जीनोम ब्राउझर

मानवी जीनोम, म्हणजे पेशीतील गुणसूत्रांवर असलेल्या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला, सुमारे ३ अब्ज अक्षरांची आहे. परंतु ए, सी, जी आणि टी या चारच अक्षरांची ती ओळ हाती आली, तरी तीत जनुक कोठे सुरू होते, कोठे संपते आणि कोणत्या पेशीत केव्हा कार्यान्वित होते, हे नुसत्या वाचनाने कळत नाही. त्यासाठी ओळीतील स्थानांवर प्रयोगांतून आणि गणितातून मिळालेल्या पुराव्यांची नोंद करावी लागते. या नोंदीला ॲनोटेशन म्हणतात, आणि ती पडद्यावर पाहण्यासाठी निर्माण झालेल्या जीनोम ब्राउझरचा इतिहास प्रत्यक्ष जीनोमवाचनाच्या इतिहासाहून कमी मोलाचा नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेतील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हाउसलर यांना १९९९च्या अखेरीस सार्वजनिक मानवी जीनोम प्रकल्पाने जनुके शोधण्याच्या कामी बोलावले, तेव्हा ज्या अक्षरमालेत ती शोधायची, तीच अद्याप लाखो सुट्या तुकड्यांत विखुरलेली होती. सेलेरा ही खाजगी कंपनी तेच काम स्वतंत्रपणे करीत होती आणि तिची माहिती सर्वांना मुक्तपणे मिळेल अशी खात्री नव्हती. अशा वेळी जिम केंट या संशोधक-विद्यार्थ्याने, ज्याने पूर्वी संगणकीय ॲनिमेशनच्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या, सुमारे चार आठवड्यांत ‘गिगअसेंब्लर’ ही आज्ञावली लिहून शंभर संगणकांच्या साहाय्याने तुकडे जुळवले. जुळणी २२ जून २००० रोजी पूर्ण झाली आणि ७ जुलै रोजी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली.

त्याच सुमारास केंट यांनी, एका सूक्ष्म गोलकृमीच्या जनुकांसाठी आधी रचलेल्या साधनाच्या आधारे, मानवी जीनोमचा ब्राउझर घडवला. त्याची मूळ कल्पना साधी पण दूरगामी होती: आडव्या अक्षावर गुणसूत्रावरील स्थानांचे क्रमांक ठेवायचे आणि प्रत्येक प्रकारचा पुरावा त्या अक्षाखाली स्वतंत्र पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, मांडायचा. जनुकाच्या पट्टीवर प्रथिनाचा संकेत वाहणारे भाग जाड चौकटींनी, संदेशात राहूनही प्रथिनात न उतरणारे भाग बारीक चौकटींनी आणि संदेश तयार होताना वगळले जाणारे भाग रेषेने दाखवले जातात. रेषेवरील बाण वाचनाची दिशा सांगतात. इंग्लंडमधील हिंक्स्टन येथे ‘एन्सेम्बल’ हा अशाच ब्राउझरचा प्रकल्पही याच काळात उभा राहिला.

या मांडणीचे खरे सामर्थ्य नियामक घटकांच्या, म्हणजे स्वतः प्रथिनाचा संकेत न देता जनुकाचे कार्य चालू, बंद किंवा कमी-अधिक करणाऱ्या डीएनए-खंडांच्या, शोधात प्रकट झाले. २००२ मध्ये उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाल्यावर तुलनेतून असे आढळले की, मानवी जीनोमचा उत्क्रांतीने जपलेला भाग सुमारे ५ टक्के असावा, तर प्रथिनांचे संकेत जेमतेम दीड टक्का जागा व्यापतात. उरलेल्या जपणुकीचे कारण शोधणाऱ्यांसाठी एक उदाहरण विशेष बोधप्रद ठरले. जादा बोटे असलेल्या काही कुटुंबांतील दोष सातव्या गुणसूत्रावरील एलएमबीआर१ या जनुकाच्या परिसरात सापडल्याने संशय त्या जनुकावरच गेला होता. २००३ मध्ये मात्र सिद्ध झाले की दोष त्याच्या वगळल्या जाणाऱ्या भागात दडलेल्या एका नियामक खंडात आहे आणि तो खंड सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या सॉनिक हेजहॉग या जनुकाचे नियंत्रण करतो. केवळ जनुकांची यादी पाहणाऱ्याला हा संबंध दिसणे अशक्य होते. माणसापासून माशापर्यंत तो खंड जपला गेल्याचे सजीवांच्या तुलनेची पट्टी दाखवते.

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एन्कोड’ प्रकल्पाने अशा पट्ट्यांत मोठी भर घातली: डीएनए कोठे सैल व उघडा आहे, आणि तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर सक्रियतेच्या रासायनिक खुणा कोठे आहेत, हे उंचवट्यांच्या रूपाने दिसू लागले. जीनोमचा ८० टक्के भाग कार्यशील आहे हे त्या प्रकल्पाचे २०१२ मधील विधान तीव्र टीकेस पात्र ठरले, आणि ती टीका रास्त होती, कारण जैवरासायनिक खूण आढळणे आणि त्या खंडावर सजीवाचे काही अवलंबून असणे या भिन्न गोष्टी आहेत. २०२० मध्ये याच प्रकल्पाने मानवी जीनोममधील ९,२६,५३५ संभाव्य नियामक घटकांची सूची प्रसिद्ध केली. ब्राउझरमध्ये जनुकारंभाजवळचे प्रवर्तकासारखे घटक लाल आणि दूरचे वर्धकासारखे घटक पिवळ्या रंगात दिसतात, मात्र त्यांपैकी कोणता घटक कोणत्या जनुकाचे नियंत्रण करतो, याचा निर्णय प्रत्येक वेळी प्रयोगानेच करावा लागतो.