राहुलोवाद आणि बालकांचे स्मृतिशिक्षण

राजस्थानातील बैराट येथे १८४० साली कॅप्टन बर्ट यास सम्राट अशोकाचा एक शिलालेख आढळला. भाब्रू शिलालेख या नावाने प्रसिद्ध असलेला हा लेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. अशोकाच्या इतर लेखांहून त्याचे स्वरूप निराळे आहे. मगधाचा राजा येथे भिक्षुसंघास अभिवादन करून सात धम्मग्रंथांची नावे देतो आणि भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांचे चिंतन करावे, अशी इच्छा प्रकट करतो. यादीतील शेवटचे नाव 'लाघुलोवाद' म्हणजे राहुलोवाद हे आहे. त्यापुढे राजाने खुलासा जोडला आहे की, असत्य भाषणाविषयी भगवंतांनी राहुलास केलेला जो उपदेश, तोच येथे अभिप्रेत आहे. राहुलास दिलेले उपदेश एकाहून अधिक असल्यामुळेच हा खुलासा आवश्यक झाला असावा. या ग्रंथांचा त्रिपिटकात शोध घेण्याच्या कार्यात गोव्यात जन्मलेले आपले पालिपंडित धर्मानंद कोसंबी यांचाही वाटा होता. त्यांचा यासंबंधीचा लेख १९१२ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला.

सम्राटाने लहान मुलास दिलेला धडा प्रौढ उपासकांपुढे का ठेवला, या प्रश्नात आम्हांस विशेष स्वारस्य आहे. आज मुलांना ध्यान शिकविण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, त्या बोलण्यात हा प्रश्न क्वचितच येतो.

मज्झिम निकायातील ६१ वे सुत्त, अम्बलट्ठिक-राहुलोवाद, हेच ते. अट्ठकथेप्रमाणे राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. राजगृहाजवळ अम्बलट्ठिका येथे तथागत सायंकाळी त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले व ते त्यास दाखविले. जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्यास लाज नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. थट्टेतही असत्य बोलावयाचे नाही, हा त्यातील निष्कर्ष. दटावणी नाही, शिक्षेचे भय नाही. हाताशी जे भांडे होते तेच पाठ्यपुस्तक झाले.

त्यानंतर तथागत विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. त्याचप्रमाणे कायेने, वाचेने व मनाने कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर ते पाहावे. त्यापासून स्वतःस, दुसऱ्यास किंवा उभयतांस पीडा होते काय, हे तपासावे. काया-वाचेकडून दोष घडला असल्यास तो शास्त्यापुढे वा सुज्ञ सहचाऱ्यांपुढे उघड करावा. कर्म कुशल असल्याचे दिसले, तर त्याच आनंदात अहोरात्र शिकत राहावे. आमच्या मते बालकास दिलेला स्मृतीचा हा पहिला धडा होय. येथे श्वासाचा उल्लेखही नाही. स्वतःच्या कर्माकडे लक्ष, आणि त्या कर्माचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, एवढेच आहे.

आनापानसती राहुलास मिळाली ती पुढे. मज्झिम निकायाच्या ६२ व्या सुत्तात, महाराहुलोवादात, अट्ठकथेच्या हिशेबाने तो अठरा वर्षांचा आहे. तेथेही तथागतांच्या उपदेशात श्वास आरंभी येत नाही. पृथ्वीसारखा हो, असे तथागत सांगतात, कारण पृथ्वीवर शुद्ध टाका की अशुद्ध, ती किळस करीत नाही. नंतर जल, तेज, वायू, आकाश. नंतर मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. अशुभ व अनित्य यांच्या भावना. आणि सर्वांच्या शेवटी आनापानाच्या सोळा पायऱ्या. ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांना पाणवठ्यावर अशुद्ध ठरविण्यात आले, त्या समाजातील मातापित्यांनी हा पृथ्वीचा दृष्टान्त मुलांपुढे अवश्य वाचावा. सत्य आधी, मैत्री मध्ये, श्वास शेवटी, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची पुनःस्थापना दोन वाटांनी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत असत्य न बोलण्याची प्रतिज्ञा आहे आणि अष्टांगिक मार्गाच्या अनुसरणाचीही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती, दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा, असा केलेला आहे. दुसरी वाट सत्यनारायण गोएंका यांची. ब्रह्मदेशाहून आल्यावर जुलै १९६९ मध्ये मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले, त्यात त्यांचे स्वतःचे मातापिताही बसले होते. मुलाने आईवडिलांस धम्म शिकविल्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले आणि १९८६ साली मुंबईत बालकांसाठी आनापानाचे पहिले शिबिर झाले. या शिबिरांतही मुलांना आरंभी पंचशील दिले जाते, हे टीकाकारांनी विसरू नये.

टीका मात्र आहे, आणि ती आपल्याच धम्मबांधवांकडून आहे. डोळे मिटून बसल्याने अन्याय दिसेनासा होतो, मूल संघर्षाऐवजी सोशिकता शिकते, असे ते म्हणतात. ही शंका निराधार नाही. केवळ वर्ग शांत राहावा म्हणून श्वास शिकविला, तर तो शिक्षकाच्या सोयीचा होतो, मुलाच्या मुक्तीचा नाही. परंतु राहुलाच्या आरशास ही टीका लागू पडत नाही. दुसऱ्यास पीडा होते काय, असा प्रश्न ज्यास रोज विचारावयास शिकविले, तो आपल्यास होणारी पीडाही ओळखतो.

तुर्भे येथील वस्त्यांचा विचार या दृष्टीने करू. १९८१ साली मुंबईचा कांदा-बटाटा बाजार येथे आला, पुढे इतर घाऊक बाजार आले. शेजारी औद्योगिक पट्टा, डोंगराकडे दगडखाणी. पहाट होण्यापूर्वी गाड्या लागतात, माथाडी बांधव पाठीवर पोती घेतात, आणि मूल जागे होते तेव्हा बाप घरी नसतो. अशा घरात ध्यानासाठी वेगळा तास आणि वेगळी खोली कोठून आणावी? आरशाच्या धड्यास खोली लागत नाही. उधारीवाला दारात येतो आणि आई मुलास सांगते, बाबा घरी नाहीत म्हणून सांग. बाप पडद्याआड असतो. त्या क्षणी भांड्यातील पाणी सांडते, आणि ते मुलाकडून नव्हे. थकून आलेल्या बापाचा हात उगारला जातो, तेव्हा कर्म करण्यापूर्वी पाहण्याचा प्रसंग त्याचा असतो. अशोकाने हे सुत्त उपासक-उपासिकांनाही ऐकावयास सांगितले, त्याचे कारण आम्हांस येथे दिसते.

मातापित्यांचे स्थान विनयानेही मान्य केले आहे. महावग्गातील कथेप्रमाणे, आईच्या सांगण्यावरून राहुल कपिलवस्तूत तथागतांकडे वारसा मागावयास गेला आणि त्यास प्रव्रज्या मिळाली. तेव्हा शुद्धोदनाने, पुत्रवियोगाचे दुःख हाडामज्जेपर्यंत जाते, असे कळवळून सांगितले आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रजित करू नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. उपसंपदेच्या वेळी मातापित्यांची अनुमती आहे काय, हा प्रश्न आजही विचारला जातो.

तुर्भ्याहून खाडी ओलांडून उत्तरेस गेले की सोपारा लागते. तेथे पं. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि जवळच भुईगाव येथे १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्याचा. आजारपण, विवाह, अपत्यजन्म अशा प्रसंगी लोक जे निष्फळ विधी करतात त्यांवर या नवव्या लेखात टीका आहे. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, हाच खरा मंगलविधी, असे राजा म्हणतो. हे कोणी कोणास समजावून सांगावे, तेही त्याने नमूद केले आहे. त्या यादीत पहिला पिता आहे, त्याच्या लगेच मागून पुत्र, आणि शेवटी शेजारीसुद्धा.