खिशातली विद्या

कोकणात विंचवाची ओळख कुणाला करून द्यायला नको. चिरे हलवताना, पेंढा ओढताना तांबडा विंचू केव्हा नांगी मारील याचा नेम नाही. आज त्याच्याच निमित्ताने तरुण डॉक्टरांच्या हातातील मोबाईलविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

रात्रपाळीचा डॉक्टर रोग्याजवळ उभा राहून मोबाईल पाहू लागला, की नातेवाईक कुजबुजतात, "आमचा माणूस तळमळतोय आणि हा खेळतोय!" पण पुष्कळदा तो औषधाची मात्रा पडताळीत असतो. ही रीत नवी नव्हे. अशी हाताशी ठेवायची पुस्तिका मर्क कंपनीने १८९९ साली अमेरिकेत काढली होती. २००७ नंतर स्मार्टफोन पसरले आणि पुस्तक मोबाईलमध्ये शिरले, एवढेच.

पण पुस्तकात तरी विद्या आली कोठून? १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती आणि पुस्तकांत नेमका उपाय सापडत नव्हता. मग त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय ही धोक्याची पूर्वचिन्हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात मांडली. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरते. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्या वाहिन्या सैल करते, हा अनुभव १९८६ साली तेथेच छापून आला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यास रोगी लवकर सावरतो, हे २०११ साली पुढे आले. म्हणजे जुने पुस्तक अपुरे पडते. मोबाईलवर नवी माहिती लवकर पोहोचते, हा त्याचा खरा गुण होय.

परंतु गार पडलेला हात मोबाईलला कळत नाही. तो डॉक्टरनेच हातात घ्यावा लागतो. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोबाईल उघडताना "औषधाची मात्रा पाहतो" एवढे जरी रोग्याच्या माणसांना सांगितले, तरी निम्मा संशय फिटेल.

आणि आपण? विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये, तडक दवाखाना गाठावा. शिक्षकांनी मुलांना ही बिरवाडीची हकीकत अवश्य सांगावी. आज बोटाच्या टोकावर सापडणाऱ्या विद्येसाठी कुणीतरी आपल्याच मुलखात रात्री जागवल्या आहेत.